साखर उतरली, मग नजर का धूसर झाली?

मावशीचा फोन रात्री साडेनऊला आला. तिला इन्सुलिन सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. उपाशीपोटीची साखर २६० वरून १३० वर आली होती, म्हणजे आवाजात थोडा तरी आनंद असायला हवा होता. पण ती म्हणाली, "अरे, हे इन्सुलिन घ्यायला लागल्यापासून मला वाचताच येत नाहीये. अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. बंद करू का मी ते?"

मी मधुमेहाचेच पेशंट बघतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. कुणाच्या दिराला इन्सुलिन लावलं आणि सहा महिन्यांत डोळ्यात रक्त उतरलं. कुणाच्या वहिनीने वजन उतरवणारं इंजेक्शन घेतलं आणि तिचा पडदा बिघडला. अशा गोष्टी दर आठवड्याला कानावर येतात. नुसती अफवा म्हणून त्या झटकून टाकता येत नाहीत, कारण त्यांत सत्याचा कण आहे. आणि "खरंच आहे ते" म्हणणं तर त्याहून वाईट. ते ऐकून माणूस औषध सोडतो, आणि डोळे जातात ते त्यानंतर.

मावशीला मी दोनच गोष्टी विचारल्या. लांबचं दिसतंय का? आणि दोन्ही डोळ्यांनी सारखंच धूसर दिसतंय, की एकाच?

"लांबचं दिसतं की. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख आत्ता इथून वाचली. जवळचंच दिसत नाही. दोन्ही डोळ्यांना सारखंच."

"मग इन्सुलिन चालू ठेव. नवा चष्मा करू नकोस. आणि या आठवड्यात पडदा तपासून घे."

तिला वाटलं मी फोनवर तिला कटवतोय. पण या तीन सूचनांची कारणं तीन आहेत, आणि मधुमेहाची औषधं आणि डोळे यांचं जे काही नातं आहे ते जवळजवळ सगळं त्यांत आलं.

चष्मा का नको

बाहुलीच्या मागे डोळ्याचं स्वतःचं एक पारदर्शक भिंग असतं. मोतीबिंदू होतो तो याच भिंगात. रक्तातली साखर वाढली की ती या भिंगातही शिरते. तिथे तिच्यातल्या काही भागाचं सॉर्बिटॉल बनतं. हे सॉर्बिटॉल सहजी बाहेर पडत नाही आणि पाणी ओढून घेतं. भिंगाची जाडी आणि घडण बदलते, त्याबरोबर नंबरही बदलतो. हे सगळं महिनोन् महिने सावकाश चालल्यामुळे माणसाला त्याची सवय होऊन जाते.

औषध सुरू झालं की रक्तातली साखर काही दिवसांत उतरते. भिंगातली मात्र मागे राहते. पाण्याचा हिशेब पुन्हा बिघडतो आणि नंबर पुन्हा सरकतो, बहुतेक वेळा प्लसच्या बाजूला. म्हणून लांबचं ठीक दिसतं आणि हातातलं पुस्तक धुरकट होतं. साखर एका पातळीवर टिकली की काही आठवड्यांत भिंग ताळ्यावर येतं. तोवर घाईने केलेला चष्मा नंतर कपाटात पडून राहतो. मधुमेही माणसाच्या घरात न चालणारे दोन-तीन चष्मे असतात, त्यातला एखादा तरी या घाईचा असतो.

थोडक्यात, मावशीला जे दिसत होतं ते बहुधा औषध काम करत असल्याचंच लक्षण होतं. "बहुधा" म्हटलं, कारण फोनवरून भिंग दिसत नाही आणि पडदा तर नाहीच नाही.

पडदा बोलत नाही

पडदा म्हणजे रेटिना, डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लागलेला पातळ थर. उजेडाचं चित्र तिथे उमटतं आणि नसेवाटे मेंदूकडे जातं. या थराला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या केसाहूनही बारीक असतात. त्यांना बाहेरून कवटाळून धरणाऱ्या काही पेशी असतात. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की आधी या धरणाऱ्या पेशी मरतात. मग सैल पडलेल्या वाहिनीला ठिकठिकाणी फुगे येतात. तपासणीत दिसणारे लाल ठिपके बरेचदा हेच फुगे असतात. पुढे त्यांतून पाझर सुरू होतो. पाणी पाझरलं तर सूज येते, चरबी पाझरली तर पिवळे कण साचतात. पडद्याच्या मधल्या भागाने, म्हणजे मॅक्युलाने, आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो. सूज तिथे आली की नजरेवर थेट परिणाम होतो.

याच्या पुढचा टप्पा म्हणजे वाहिन्या बंद पडणं. उपाशी राहिलेला पडदा मग व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो. हे रसायन नव्या वाहिन्यांना बोलावणं धाडतं. त्या येतातही, पण अगदी कच्च्या असतात आणि कधीही फुटतात. रक्त डोळ्यातल्या जेलीत उतरतं. त्यांच्याबरोबर येणारी व्रणाची जाळी आखडली की पडद्याला ओढ बसते आणि तो सुटतो.

या सगळ्यात दुखत काहीच नाही. मॅक्युला वाचलेला असेल तर नवीन वाहिन्या फुटण्याच्या अवस्थेतही माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवतो. "मला नीट दिसतंय, मग तपासायचं कशाला" या वाक्याने जेवढे डोळे घालवले असतील, तेवढे कुठल्याही गोळीने घालवलेले नाहीत असं माझं मत आहे.

चौथ्या दिवशी मी मावशीबरोबर गेलो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, ते झोंबले म्हणून ती कुरकुरली. मग वीस-पंचवीस मिनिटं डोळे मिटून बसायचं. (हे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही. गाडी चालवत येऊ नये आणि चालवत जाऊही नये.) मग फोटो. स्क्रीनवर केशरी-तांबूस गोल आला. एका बाजूला फिकट पिवळी चकती, म्हणजे नस डोळ्यात शिरते ती जागा. तिथून फांद्यांसारख्या पसरलेल्या वाहिन्या, आणि त्यांच्या मधेमधे लाल ठिपके, टाचणीने टोचल्यासारखे. मी मोजू लागलो आणि पंधरानंतर सोडून दिलं. खालच्या बाजूला पिवळ्या कणांचा एक पुंजका होता, मॅक्युलापासून जरा दूर.

"हे तीन आठवड्यांतलं आहे?" मावशीने विचारलं.

नव्हे. एवढं साचायला वर्षं लागतात. तिचा मधुमेह अकरा वर्षांचा आहे आणि पडदा आज पहिल्यांदा बघितला जात होता. इन्सुलिन यायच्या आधीपासून हे तिथे होतं. पण इन्सुलिन सुरू झाल्यावर बघितलं, म्हणून दोष इन्सुलिनवर आला असता. त्या दिराच्या आणि वहिनीच्या गोष्टींपैकी निम्म्या अशाच जन्माला येतात. उरलेल्या निम्म्यांचं काय, ते आता सांगतो.

आधी बिघडतं, मग सुधारतं

१९८३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २९ केंद्रांत एक मोठा अभ्यास सुरू झाला, डीसीसीटी नावाचा. टाइप १ मधुमेहाचे १४४१ जण त्यात होते. साखर काटेकोर ठेवल्याने पुढचे त्रास खरंच टळतात का, हा वाद तोवर मिटला नव्हता. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले, दिवसाला एक-दोन इंजेक्शनं. उरलेल्यांना दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनं किंवा पंप, आणि बोट टोचून वारंवार तपासणी. नेहमीच्या गटाचं एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९ च्या आसपास राहिलं, काटेकोर गटाचं ७ च्या आसपास.

निकाल १९९३ मध्ये आला आणि वाद मिटला. ज्यांचा पडदा सुरुवातीला स्वच्छ होता, त्यांच्यात रेटिनोपॅथी, म्हणजे वर सांगितलेला पडद्याचा बिघाड, होण्याचा धोका काटेकोर उपचारांनी ७६ टक्क्यांनी घटला. ज्यांना ती थोडीफार होतीच, त्यांच्यात ती वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी घटला. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी आधी काटेकोर राहिलेल्यांना त्याचा फायदा पुढे कित्येक वर्षं मिळत राहिला. शरीर जुनी साखर लक्षात ठेवतं म्हणायचं, चांगली आणि वाईटही.

पण याच आकड्यांच्या पोटात दुसरी एक गोष्ट होती. पहिल्या वर्षातल्या तपासण्या वेगळ्या काढून बघितल्या, तर काटेकोर गटात १३.१ टक्के लोकांचा पडदा आधीपेक्षा बिघडला होता. नेहमीच्या गटात हा आकडा ७.६ टक्के होता. म्हणजे साखर सुधारली त्यांचेच डोळे सुरुवातीला जास्त बिघडले. आधीपासून रेटिनोपॅथी असलेल्यांचा आलेख काढला तर काटेकोर गटाची रेघ पहिल्या वर्षी वर जाते आणि साधारण तिसऱ्या वर्षापासून दुसरीच्या खाली उतरते.

असं का व्हावं? एक स्पष्टीकरण असं दिलं जातं. साखर जास्त असताना पडद्याचा रक्तप्रवाह वाढलेला असतो. काही वाहिन्या बंद पडलेल्या असल्या तरी उपाशी भाग त्या वाढीव प्रवाहावर कसाबसा तग धरतो. साखर एकदम खाली आली की प्रवाहही उतरतो, आणि तग धरलेला भाग उघडा पडतो. इन्सुलिनमुळे व्हीईजीएफला चालना मिळते, हे दुसरं. पडदा स्वच्छ असेल तर तो हा धक्का सहसा पचवून जातो. आधीच कमकुवत झालेल्या पडद्याचं तसं नसतं.

इथे बरेच जण लगेच म्हणतात, "मग साखर हळूहळू उतरवू." सल्ला कानाला गोड लागतो. पण डीसीसीटीच्या आकड्यांत सावकाश उतरवल्याने हा सुरुवातीचा बिघाड टळतो असा पुरावा मिळाला नाही. धोका कुणाला जास्त, तर ज्यांची साखर सुरुवातीला फार चढलेली होती आणि पहिल्या सहा महिन्यांत फार उतरली त्यांना. आणि सुरुवातीला बिघडलेल्या या लोकांची पुढची वर्षं कशी गेली? नेहमीच्या उपचारांवर राहून ज्यांना असा बिघाड झाला नव्हता त्यांच्याइतकी चांगली, किंवा त्यांच्याहून बरी.

म्हणून संशोधकांनी औषध मागे ओढा असं न म्हणता डोळ्यांवर लक्ष ठेवा असं सांगितलं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली असेल, आणि विशेषतः रेटिनोपॅथी मध्यम किंवा त्यापुढची असेल, तर जोरदार उपचार सुरू करण्याआधी पडदा बघायचा आणि मग सहा महिने ते वर्षभर दर तीन महिन्यांनी बघत राहायचं. मावशीला "आधी" ची वेळ चुकली होती. ती चूक माझीही. तिला इन्सुलिन लावायचं ठरलं तेव्हा मला चिठ्ठीचा फोटो पाठवून विचारलं होतं, आणि मी डोस बघितला, डोळे विचारले नाहीत.

नवं इंजेक्शन, जुनीच गोष्ट

सेमाग्लुटाइड सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. साखर उतरवतं, वजन उतरवतं. २०१६ मध्ये त्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, सस्टेन-६. टाइप २ मधुमेहाचे आणि हृदयविकाराचा धोका असलेले ३२९७ लोक, दोन वर्षं. हृदयाच्या बाबतीत निकाल चांगला होता. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काहीतरी होण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ६.६ टक्के, तर औषध नसलेली दिखाऊ सुई घेणाऱ्यांत ८.९ टक्के. पण डोळ्यांच्या रकान्यात उलटं दिसलं. डोळ्यातल्या जेलीत रक्तस्राव, पडद्यावर लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शनची गरज, अंधत्व अशा गोष्टी औषध घेणाऱ्यांत ३ टक्के आणि दुसऱ्या गटात १.८ टक्के.

अशा एकूण ७९ जणांपैकी ६६ जणांना रेटिनोपॅथी अभ्यासात येण्याआधीपासूनच होती. साखर झपाट्याने उतरली, त्यातही जोडीला इन्सुलिन होतं, अशांचा त्यांत भरणा होता. म्हणजे डीसीसीटीचीच गोष्ट, सुई तेवढी बदललेली. गरोदरपणातही हेच घडू शकतं, कारण तिथे साखर घाईने आवरावी लागते आणि गरोदरपण स्वतःही पडद्यावर ताण आणतं. म्हणून मधुमेह असलेल्या बाईने दिवस राहण्याआधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत पडदा तपासावा, मग डॉक्टर सांगतील तसं पुढेही. (गरोदरपणातच पहिल्यांदा साखर वाढली असेल तर हा नियम लागू नाही.)

सेमाग्लुटाइडबाबत दुसरीही एक बातमी आहे, आणि ती पडद्याची नाही. डोळ्याच्या नसेच्या टोकाचा रक्तपुरवठा अचानक तुटून एका डोळ्याची नजर जाते, असा एक आजार आहे. बरेचदा सकाळी उठल्यावर लक्षात येतो, दुखत नाही, आणि गेलेली नजर सहसा पुरती परत येत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका नेत्ररुग्णालयाच्या नोंदींतून या आजाराचा सेमाग्लुटाइडशी संबंध पुढे आला. जून २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या समितीने सगळा पुरावा तपासून सांगितलं की हा या औषधाचा अतिशय विरळ दुष्परिणाम आहे, दहा हजारांत एखाद्याला होऊ शकेल इतका. आकडा लहान आहे, आणि हृदय, मूत्रपिंड, वजन यांतला फायदा मोठा आहे. मी हे औषध देतो. मात्र एका डोळ्याची नजर अचानक गेली तर पुढची सुई न घेता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, हेही सोबत सांगतो.

बाकीच्या साखरेच्या औषधांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अपवाद पायोग्लिटाझोनचा. ही गोळी शरीरात पाणी धरते. पावलं सुजतात, वजन वाढतं, आणि काहींच्या मॅक्युलालाही सूज येते किंवा असलेली वाढते. मॅक्युलाला सूज आहे असं कळलं तर आपल्या गोळ्यांत हे नाव आहे का, ते वाचून डॉक्टरांना दाखवावं.

साखरेच्या यादीत नसलेली पण साखर आणि डोळा दोन्हींना बोचणारी औषधं म्हणजे स्टेरॉइड. दम्यासाठी, संधिवातासाठी, त्वचेसाठी गोळ्या दिल्या जातात. सकाळी घेतली की साखर दुपारनंतर चढते, त्यामुळे उपाशीपोटीच्या आकड्यावर विसंबणारा माणूस फसतो. लांबवर घेतली तर मोतीबिंदू लवकर येतो आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणजे काचबिंदूची वाट. डोळे लाल झाले म्हणून कुणीतरी दिलेल्या थेंबांतही स्टेरॉइड असू शकतं. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय थेंब महिनोन् महिने घालू नयेत. संधिवातासाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा पडद्यावर वेगळाच परिणाम होतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. रोजचा डोस वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवावा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी त्यासाठी म्हणून तपासणी करावी. मूत्रपिंड कमकुवत असेल तर त्याही आधीपासून.

ज्या गोळ्या डोळ्यांसाठी आहेत हे कुणी सांगत नाही

रक्तदाबाची गोळी डोळ्यांची गोळी आहे असं म्हटलं की पेशंट हसतात. ब्रिटनमध्ये टाइप २ मधुमेहींवर वीस वर्षं चाललेल्या यूकेपीडीएस या अभ्यासात रक्तदाबाचा एक भाग होता, ११४८ जणांचा. एका गटाचा दाब सरासरी १४४/८२ वर राहिला, दुसऱ्याचा १५४/८७ वर. दहाच अंकांचा फरक. पण १९९८ मध्ये निकाल आला तेव्हा कमी दाबाच्या गटात रेटिनोपॅथी लक्षणीय वाढण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी निघाला, आणि नजर खालावण्याचा ४७ टक्क्यांनी. कमकुवत नळीत पाण्याचा जोर कमी ठेवायचा, यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

दुसरी गोळी फेनोफायब्रेट, ट्रायग्लिसराइड कमी करणारी. फील्ड नावाच्या अभ्यासात ९७९५ मधुमेहींना ती किंवा दिखाऊ गोळी दिली. पाच वर्षांत पडद्यासाठी लेझर करावं लागलं ते गोळी घेणाऱ्यांत ३.४ टक्क्यांना आणि इतरांत ४.९ टक्क्यांना. २०२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या अभ्यासात सुरुवातीची रेटिनोपॅथी असलेले ११५१ जण होते. पुढे तज्ज्ञाकडे पाठवण्याइतका बिघाड किंवा उपचारांची गरज, हे प्रमाण २२.७ विरुद्ध २९.२ टक्के आलं. रक्तातली चरबी किती उतरली यावर हा फायदा अवलंबून दिसत नाही, ही त्यातली गंमत. गोळीने क्रिएटिनिन थोडं वाढतं, म्हणून मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवून द्यावी लागते. तरी सुरुवातीची रेटिनोपॅथी असलेल्या माणसाने "माझ्यासाठी ही चालेल का" असं विचारायला हरकत नाही. मला वाटतं हा प्रश्न डॉक्टर मंडळी स्वतःहून फारच कमी वेळा काढतात.

आणि ॲस्पिरिन. "पडद्यातून रक्त येईल म्हणून बंद केली" असं सांगणारे पेशंट मला अजून भेटतात. ईटीडीआरएस या अमेरिकी अभ्यासात ३७११ मधुमेहींपैकी अर्ध्यांना रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली होती. हृदयासाठी आज देतात त्याच्या कित्येक पट. डोळ्यातला रक्तस्राव वाढला नाही. रेटिनोपॅथीला फायदाही झाला नाही. हृदयासाठी लिहून दिली असेल तर डोळ्यांच्या भीतीने सोडू नये.

डोळ्यातली सुई

मॅक्युलाला सूज आली किंवा नवीन वाहिन्या फुटल्या तर व्हीईजीएफ अडवणारी औषधं थेट डोळ्यात टोचतात. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, बेव्हासिझुमॅब ही त्यातली नावं. शेवटचं मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये आलं आणि तिथून डोळ्यात पोचलं. "डोळ्यात इंजेक्शन" ऐकून बसल्या जागी घाम फुटतो. प्रत्यक्षात डोळा बधिर करतात, आयोडीनच्या द्रावणाने धुतात, आणि ०.०५ मिलिलिटर औषध डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत जातं. थेंबभर. टोचलेलं कळतं, दुखत फारसं नाही. जंतुसंसर्ग हजारात एकापेक्षाही कमी वेळा होतो. पण पुढच्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला, नजर उतरली, तर सकाळची वाट बघायची नाही.

या सुयांची खरी अडचण वेगळी आहे. परिणाम काही आठवडे टिकतो आणि त्या पुन्हा घ्याव्या लागतात. नवीन वाहिन्यांसाठी नुसत्या सुयांवर असलेला माणूस मधेच यायचा बंद झाला, तर लेझर करून मग गायब झालेल्यापेक्षा त्याचे हाल जास्त होतात. आपण वेळेवर येऊ शकू की नाही हे डॉक्टरांना आधीच खरं सांगावं. त्यावरून उपचार बदलतो.

डोळ्यातून जाणारं औषध साखरेला येऊन भिडतं तेही एकदा बघू. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब देतात. थेंब डोळ्यात पडतो, आतल्या कोपऱ्यातून नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो. साखर एकदम घसरली की छातीत धडधडतं, त्यावरून माणूस सावध होतो. हे औषध ती धडधडच दाबू शकतं. इन्सुलिनवरच्या माणसाने हे लक्षात ठेवावं. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबून धरावा, म्हणजे रक्तात कमी जातं. हे करून दाखवायला मिनिटही लागत नाही, आणि कुणी दाखवत नाही.

मुळात साखरेची फाइल एका डॉक्टरकडे असते आणि डोळ्यांची दुसऱ्याकडे. दोन्ही एका टेबलावर कधी येत नाहीत. साखरेचा डॉक्टर नवीन औषध लिहितो तेव्हा त्याच्यासमोर पडद्याचा फोटो नसतो. डोळ्यांचा डॉक्टर फोटो बघतो तेव्हा गेल्या महिन्यात एचबीए१सी ११ वरून ८ वर आलं हे त्याला ठाऊक नसतं. दोन्ही ठिकाणी जाणारा एकच माणूस असतो, पेशंट. टाइप २ असेल तर निदान झालं त्याच सुमारास पहिली तपासणी, कारण तो कळण्याआधीच बरीच वर्षं आत असू शकतो. टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत. पुढे साधारण दरवर्षी. आणि इन्सुलिन किंवा सेमाग्लुटाइडसारखी जीएलपी-१ गटातली सुई सुरू होणार असेल, किंवा वजनासाठी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तारखेची वाट न बघता त्याआधी. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके-जाळी तरंगू लागली, एका बाजूने नजरेवर खिडकीचा पडदा ओढल्यासारखं झालं, सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, तर त्याच दिवशी.

मावशीची ओसीटीही केली. पडद्याचा आडवा छेद दाखवणारी ही तपासणी, त्यात मॅक्युला कोरडी निघाली. अहवालावर "मध्यम रेटिनोपॅथी" लिहिलं होतं. इन्सुलिन चालू राहिलं, रक्तदाबाची गोळी वाढवली, आणि त्या अहवालाची एक प्रत तिने साखरेच्या फाइलला टाचली.

तीन महिन्यांनी पुन्हा थेंब, पुन्हा कुरकुर, पुन्हा फोटो. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. डाव्या डोळ्यात वरच्या बाजूला कापसाच्या बोळ्यासारखे दोन पांढरे डाग नवे होते, म्हणजे सुरुवातीचा तो बिघाड थोडा झालाच. मॅक्युला अजून कोरडी होती. लेझर नको, सुई नको, पुन्हा तीन महिन्यांनी या, असं ठरलं. एचबीए१सी ११.४ वरून ७.९ वर आलं होतं.

"आणि वाचायचं काय?" तिने विचारलं. डॉक्टरांनी तक्ता पुढे सरकवला आणि म्हणाले, "आता काढू नंबर, काकू."